शांत बस म्हटलं की हलणारी मुलं

‘म्हणजे तुम्ही इकडे मालिश करता का?’

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो जर्मनीतल्या नेकारसुल्मला, आणि तोही एका मराठी मुलाकडून. पन्नासचं दशक संपत आलं होतं. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात दोन-तीन मराठी मुलं शिकाऊ इंजिनियर म्हणून होती. त्यांचा पत्ता मला कुठून तरी मिळाला आणि मी दिवाळीला न्युरेम्बर्गहून आगगाड्या बदलत त्यांच्याकडे गेले. चार माणसांत बसून मराठी बोलायला मिळावं, एवढाच हेतू. त्यांनी स्टोव्हवर भात टाकला होता, कुणाच्या तरी आईनं बोटीनं पाठवलेला चिवडा होता. जेवताना पिस्टन, गियर आणि घरभाडं यांवर बोलणं चाललं होतं. मग एकाला वाटलं असावं, बाई मघापासून गप्प आहेत. त्यानं सौजन्यानं माझ्याकडे वळून तो प्रश्न विचारला. मी सांगायला लागले, की मेंदूला इजा झालेल्या मुलांना बसायला, गिळायला, हात उघडायला शिकवायचं असतं. तो ‘हो का?’ म्हणाला आणि दुसऱ्याला म्हणाला, ‘अरे, भात लागतोय बघ खाली.’

परतीच्या गाडीत डब्यात मी एकटीच होते. त्यानंतर मी आपण होऊन कुणाला माझं काम सांगायला गेले नाही. आता संपादकांनी लिहायला सांगितलं आहे, आणि कागद मध्येच उठून भाताकडे जात नाही, म्हणून सांगते.

मुंबईत फिजिओथेरपीचं शिक्षण घेऊन पुढचं शिकायला मी जर्मनीला गेले आणि न्युरेम्बर्गच्या एका इस्पितळात मुलांच्या विभागात राहिले. तिकडे हे काम करणाऱ्या बाईला क्रांकेनगिम्नास्टिन म्हणत. शब्द एवढा मोठा की तो नीट म्हणता येईपर्यंत मला नोकरी लागून गेली होती. माझं नाव इंदुमती. तिथे भारतीय बाईला ‘इंडरिन’ म्हणतात. त्यामुळे ‘फ्रॉयलाइन इंदू’, म्हणजे कुमारी इंदू, हे माझं नाव नसून माझ्या देशाचं लघुरूप आहे, असंच बऱ्याच जणांना वाटे. मी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही.

कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जन्माच्या वेळी किंवा त्याच्या आगेमागे मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते. बाळ गुदमरतं, किंवा फार जोराची कावीळ होते. हात चांगले असतात, पाय चांगले असतात, पण त्यांना मिळणारा हुकूम चुकीचा असतो. काही मुलांचे स्नायू सतत ताठ राहतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. अशा मुलाला पाटलोण घालणं म्हणजे आईला घाम फुटायचा. ती पाय फाकवायला जोर लावणार आणि पाय तेवढ्याच जोरानं मिटणार. आम्ही आधी कंबर आणि गुडघे वाकवायला शिकवत असू. मग पाय आपसूक सैल होत, आणि आई आमच्याकडे आम्ही जादू केल्यासारखं बघे.

दुसरी मुलं याच्या उलट. त्यांचं शरीर थांबतच नाही. बोटं वळवळतात, मान एकीकडे फिरते, तोंड वेडंवाकडं होतं, हात कुठल्या कुठे जातो. गंमत अशी, की मूल जितका जास्त प्रयत्न करील तितकी ही हालचाल वाढते. आनंद झाला तरी वाढते, भीती वाटली तरी वाढते, दार आपटलं तर सगळं अंग उसळतं. झोपेत मात्र सगळं शांत. आई झोपलेल्या मुलाकडे बघत बसे आणि म्हणे, आत्ता बघा, किती चारचौघांसारखं दिसतं. अशा मुलाला ‘शांत बस’ म्हणण्यासारखी वाईट गोष्ट नाही. ते ऐकतं, शांत बसायचा प्रयत्न करतं, आणि तो प्रयत्नच त्याला हलवतो. मग लोक म्हणतात, बघा, सांगितलेलं काही समजत नाही.

गिजेला ही अशांपैकी होती.

ती राहायची हेर्त्सोगेनआउराखला, न्युरेम्बर्गहून बसनं जाण्यासारख्या लहानशा गावात. तेव्हा ते बुटांचं गाव होतं. अर्धं गाव बुटांच्या कारखान्यांत काम करायचं, आणि बसमधून उतरलं की चामड्याचा आणि डिंकाचा वास यायचा. तिचे वडील हेर एबनर चामडं कापायच्या कामावर होते. चर्चच्या नर्सबाईंनी आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना कळवलं होतं, की एका घरात सात-आठ वर्षांची मुलगी आहे, आई तिला बाहेर काढत नाही आणि इस्पितळात आणायला तर मुळीच तयार नाही. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ‘आल्झो, तर मग, फ्रॉयलाइन इंदू, तुम्ही जा. तुम्ही या गावच्या नाही. कदाचित तुम्हाला आत घेतील.’

आत घेतलं. गिजेलाची आई फ्राऊ एबनर उंच, हाडकुळ्या, तोंडावर कसलाही भाव न दिसणाऱ्या बाई होत्या. स्वयंपाकघराच्या रस्त्याकडच्या खिडकीला भरदिवसा जाड पडदा होता. शेगडीशेजारी खोल आरामखुर्चीत गिजेला, आणि कमरेला बापाचा पट्टा, घसरू नये म्हणून. हात दोन्हीकडे फिरत होते, मान मागे गेलेली. तिची जेवणाची वेळ होती. आईनं तिचं डोकं आपल्या दंडात मागे टेकवलं आणि लापशी चमच्यानं घशात ओतायला सुरुवात केली. मूल ठसकलं, निळं पडलं, आईनं पाठ थोपटली, पुन्हा चमचा. हे रोज तीन वेळा चालायचं. त्या घरी जेवण ही भीतीची गोष्ट होती.

तुम्ही स्वतः मान मागे टाकून पाण्याचा घोट गिळून बघा, म्हणजे कळेल. मी फ्राऊ एबनरना तेच करायला लावलं. त्या ठसकल्या आणि माझ्याकडे रागानं बघत राहिल्या. मग मी गिजेलाला खुर्चीतून काढून माझ्या मांडीवर घेतलं, तिची कंबर वाकवली, गुडघे फाकवून पाय एका लाकडी खोक्यावर टेकवले, खांदे पुढे घेतले, हनुवटी थोडी खाली. माझी तीन बोटं तिच्या जबड्याशी. चमचा समोरून, जिभेवर हलकेच दाबायचा आणि थांबायचं. ओठ मिटेपर्यंत थांबायचं. पहिला घास गिळायला तिला इतका वेळ लागला, की फ्राऊ एबनर तेवढ्यात उठून शेगडीत कोळसा घालून आल्या. पण ठसका लागला नाही.

आठवड्यातून दोनदा मी जाऊ लागले. बाकीचे दिवस न्युरेम्बर्गला इस्पितळ आणि माझी भाड्याची खोली. घरमालकीणबाई सज्जन होत्या, पण जिन्यात भेटल्या की ‘गुटन टाग’ आणि हवामान, यापलीकडे आमच्यात कधी काही गेलं नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे, घंटांचा आवाज तेवढा. कधीकधी शुक्रवारी इस्पितळातून आल्यावर सोमवारी सकाळीच काय तो माझ्या तोंडून आवाज निघे, तेव्हा तो मला घोगरा, परका वाटे. मग मी एक युक्ती काढली. भांडी घासताना पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा मला शाळेत कधी आला नव्हता, तो मी न्युरेम्बर्गला पाठ केला. कोणी ऐकलं असतं तर मलाच इस्पितळात ठेवलं असतं.

माझं जर्मन कामापुरतं होतं. आपल्यासारखीच तीन लिंगं त्या भाषेत आहेत, पण वाटणी निराळी. चमचा ‘तो’, काटा ‘ती’, सुरी ‘ते’. सूर्य ‘ती’ आणि चंद्र ‘तो’. घाईत माझ्याकडून हमखास चूक व्हायची. एकदा चमचा हातातून खाली पडला आणि मी म्हणाले, ‘अरे, ती चमचा कुठे गेली?’ आपल्याकडे कुणी परदेशी बोलला तर जसं वाटेल, अगदी तसंच.

गिजेला हसली. तिचं हसणं म्हणजे सगळं अंग हसायचं. पाय उडाले, मान फिरली, घशातून एक लांब आवाज आला. फ्राऊ एबनर म्हणाल्या, ‘तिला मधूनच असं होतं.’

मला काही ते मधूनच वाटलं नाही. चमचा धुऊन आणला आणि बरोबर म्हटलं, ‘हा चमचा स्वच्छ आहे.’ काही नाही. नंतर मुद्दाम म्हटलं, ‘तो काटा टेबलावर आहे.’ पुन्हा हसली. ‘ती सूर्य’ त्यांच्या भाषेत बरोबर, त्यावर गप्प. ‘तो सूर्य’ म्हटलं की खुदखुदली. मी त्या दिवशी घरातल्या भांड्याकुंड्यांपासून खिडकी-दारापर्यंत सगळ्यांची लिंगं बिघडवून बघितली. माझंच व्याकरण कच्चं असल्यामुळे एक-दोन ठिकाणी मला वाटलं तिचं चुकलं. खोलीवर जाऊन पुस्तकात बघितलं, तर चूक माझीच होती.

जन्मताच तिच्यासारखी कावीळ झालेल्या पुष्कळ मुलांचे कानही जातात. तिचे वाचले होते. ती नुसती ऐकत नव्हती, तर शाळेची पायरी न चढता पक्कं जर्मन शिकून बसली होती, आणि ते सांगायला तिच्याकडे जीभ नव्हती.

पुढच्या खेपेला मी धावत जिना चढले. फ्राऊ एबनरना सगळं करून दाखवलं. मला वाटलं होतं त्या रडतील, मुलीला जवळ घेतील. त्या भिंतीला धरून हळूहळू स्टुलावर बसल्या. 

‘म्हणजे तिला समजतं?’

‘हो. सगळं समजतं.’

‘आधीपासून?’

‘बहुतेक.’

त्या उठल्या आणि बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्या घरात आठ वर्षं त्या मुलीसमोर माणसं तोंडाला येईल ते बोलत आली होती. तिच्या खुर्चीवरून, तिच्या डोक्यावरून. हिचं पुढे काय होणार, ही गेली असती तर सुटली असती, हेही बोलली असणार. कुठल्या घरात बोलत नाहीत? मी गिजेलाचा हात धरून बसले. ती दाराकडे बघत होती. आईची वाट बघत होती.

त्यानंतर काही दिवसांनी, बटाटे सोलता सोलता, फ्राऊ एबनर माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. त्यांनी मधलं दार आधी लावून घेतलं होतं. गिजेला आतल्या खोलीत झोपली होती.

‘मला आधी एक मुलगा होता. हाइनी. लढाईच्या आधीचा. बाळंतपण अवघड गेलं. त्याचे पाय असे...’ त्यांनी हातातली सुरी आणि टेबलावरचा चमचा एकमेकांवर आडवे धरले. ‘पण बोलायचा. गाणी म्हणायचा. डॉक्टरांनी त्याचं नाव वर कळवलं. मग म्हणाले, चांगल्या संस्थेत ठेवू, उपचार होतील. मी स्वतः त्याला नेऊन सोडलं. नवी बंडी शिवली होती. हिवाळ्यात कळवलं, न्यूमोनियानं गेला.’

मी म्हणाले, ‘लहान मुलांना होतो न्यूमोनिया.’

‘जा,’ त्या म्हणाल्या. म्हणजे ‘हो’. ‘त्या हिवाळ्यात तिथल्या बऱ्याच मुलांना झाला.’

मी परदेशातून आलेली. लढाईच्या काळात सरकारनंच याद्या करून अशी मुलं संस्थांत मारली, हे इस्पितळात कोणी बोलत नसे. मीही विचारलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा कळलं, की तो पडदा कशासाठी होता.

‘म्हणून माझ्या गिजेलाचं नाव कुठल्याही सरकारी यादीत जाणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘शाळेच्या नाही, इस्पितळाच्या नाही. तुम्ही येता ते ठीक आहे. तुमच्याकडे बघून वाटतं, तुम्ही कुणाच्या नाही.’

हे त्या चांगल्या अर्थानं म्हणाल्या. बसमध्ये मात्र ते वाक्य माझ्या शेजारीच बसून आलं.

इकडे डॉक्टरीणबाई माझ्यामागे लागल्या होत्या. मुलगी हुशार आहे तर शाळा-डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्यांनी शिकण्याजोगी आहे म्हटलं तर घरी शिक्षिका मिळेल. नाही म्हटलं तर शाळेतून कायमची सुटका, आणि मग दरवाजा बंद. त्या काळी अशा बहुतेक मुलांची सुटकाच होत असे. मी फ्राऊ एबनरना एकदा सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. ज्या बाईनं एक मूल डॉक्टरांच्या शब्दावर नेऊन दिलं, तिला मी कुठल्या तोंडानं म्हणणार, की हे डॉक्टर चांगले आहेत?

हेर एबनरांची गोष्ट वेगळी. त्यांना बाकी कशात रस नव्हता, मुलगी चालली पाहिजे एवढंच होतं. कारखान्यातल्या चामड्याच्या तुकड्यांतून ते दर वर्षी तिच्या मापाचे बूट शिवत. काय सुंदर बूट असत ते! घोट्याशी उंच, आत मऊ अस्तर, लाल नाडी. एका संध्याकाळी ते कामावरून लवकर आले आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, ‘फ्रॉयलाइन, सरळ सांगा. कधी चालेल?’

या धंद्यात हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर देताना माणूस दर वेळी एकटा असतो. मी म्हणाले, ‘हेर एबनर, ती चालणार नाही. पण ती नीट बसली, तर तिचे डोळे एका जागी थांबतील. डोळे थांबले, तर ती वाचेल.’

ते हात धुवायला गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात असले की ते खाली अंगणातच थांबत. मला वाटलं, हे घर आता आपल्याला सुटलं. मग एके दिवशी गेले तर ते हातात फूटपट्टी घेऊन उभे. ‘खुर्ची पाहिजे ना? गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती, ते तुम्हीच मोजा. मी मोजायला लागलो की ती हसते.’

लाकडाची, सरळ पाठीची खुर्ची केली त्यांनी. बैठक मागच्या बाजूला उतरती, गुडघ्यांच्या मध्ये पाचरीसारखा ठोकळा, पायाखाली फळी आणि पुढे धरायला आडवा दांडा. तिनं तो दांडा घट्ट धरला की डोकं बरंच स्थिर राही. आणि त्या खुर्चीत ती उंच बसू लागली, त्यामुळे एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती ती झाली. पडद्याच्या कडेच्या फटीतून तिला रस्ता दिसायला लागला. सकाळी मुलं पाठीवर दप्तरं घेऊन ओरडत जायची. त्यांचा आवाज आला की ती खाणं थांबवे. तोंड मिटून, सगळं अंग ताठ करून त्या फटीकडे बघे. आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत घास तोंडात तसाच.

आईला हे रोज दिसत होतं. एका सकाळी फ्राऊ एबनरनी मी जाकीट काढायच्या आतच सांगितलं, ‘बोलवा त्यांना. पण ती माझ्या मांडीवरून उतरणार नाही. आणि तुम्ही इथे पाहिजे.’

शाळा-डॉक्टर वयस्क, थकलेले गृहस्थ होते. उद्धट मुळीच नव्हते. त्यांनी टोपी काढून ठेवली, चित्रं टेबलावर मांडली आणि गिजेलाला म्हणाले, ‘कुत्रा कुठे आहे? बोट दाखव.’ गिजेलानं प्रयत्न केला. हात गेला खांद्यामागे, मान फिरली, तोंडातून लाळ आली. आईच्या मांडीवर बसल्यामुळे खुर्चीचा आधारही नव्हता. मी खुर्चीत बसवू या म्हटलं, तर फ्राऊ एबनरनी दोन्ही हातांनी तिला आवळून धरलं. आईच्या हातांतली भीती मुलीच्या अंगात उतरत होती, मला नुसतं बघून कळत होतं. नाव विचारलं तर एक घुसमटलेला आवाज. डॉक्टर म्हणाले, ‘ठीक आहे, बाळ, ठीक आहे. शांत बस.’

संपलंच.

मी मध्ये पडले. म्हटलं, हिला भाषा कळते, मी चुकीचं बोलले की ही हसते. आणि मी सुरू केलं: ती चमचा, तो काटा. गिजेला हसली नाही. भीतीत हसू कुठून येणार? मी आणखी बोलत राहिले, एकीकडे घाम फुटलेला, त्यामुळे खऱ्याच चुका व्हायला लागल्या. डॉक्टर माझ्याकडे कनवाळूपणे बघत होते. त्यांना मीच दयनीय वाटत असणार. त्यांनी चित्रं गोळा करायला घेतली.

तेवढ्यात फ्राऊ एबनर बोलल्या. आवाज त्यांचा नव्हता. बारीक, घाईघाईचा, शब्दांवर भलतीकडे जोर देणारा: ‘ओ गॉट, फ्राऊ एबनर! ती चमचा कुठे गेली? ते काटाने तिला नेली का? बसा सरळ, बसा सरळ, ती पाय खाली!’

तो माझा आवाज होता. माझी मान हलवायची लकबसुद्धा. हुबेहूब.

गिजेला फुटली. आईच्या मांडीवरून जवळजवळ उडाली. पाय, हात, डोकं सगळं हसत होतं. फ्राऊ एबनर पुन्हा माझ्या आवाजात काहीतरी म्हणाल्या आणि नंतर लगेच स्वतःच्या आवाजात तेच नीट म्हणाल्या. गिजेला हसली आणि थांबली, हसली आणि थांबली. डॉक्टरांच्या हातातली चित्रं तशीच राहिली. ते वाकून जवळ आले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘ते कुत्रा झोपला आहे.’ गिजेला खिदळली. ‘हा कुत्रा झोपला आहे.’ गप्प. त्यांनी आणखी पाच-सहा वाक्यं घेतली. दोन अशी घेतली, की त्यांत मला चूक कुठे आहे ते कळलं नाही. तिला कळलं.

ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले, ‘गेनाऊ.’ अगदी बरोबर. मग फ्राऊ एबनरना विचारलं, ‘नाव लिहू ना?’

 त्यांनी गिजेलाकडे बघितलं. म्हणाल्या, ‘लिहा. गिजेला एबनर. मी इथेच राहते. ती इथेच राहील. ते पण लिहा.’

डॉक्टरांनी तेही लिहिलं.

ते गेल्यावर फ्राऊ एबनर लाजेनं लाल झाल्या. मग म्हणाल्या, ‘माफ करा. आम्ही रोज संध्याकाळी करतो. हे कामावरून आले की मी तुमची नक्कल करते. गिजेला तेवढ्यासाठी जागी राहते.’

मला आधी थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. परदेशात आपल्या बोलण्याला कोणी हसलं की लागतंच. पण खोलीवर आल्यावर निराळंच वाटायला लागलं. इतके महिने संध्याकाळी मी त्या चार भिंतींत एकोणतीसचा पाढा म्हणत होते, आणि त्याच वेळी बसच्या दुसऱ्या टोकाला एका स्वयंपाकघरात माझं बोलणं चाललं होतं. मला पत्ताच नव्हता.

त्यानंतर घरी शिक्षिका आली. हेर एबनरांनी एका फळीवर मोठाली अक्षरं रंगवली, गटागटांनी, कोपऱ्याकोपऱ्यांत. फळी समोर धरायची. गिजेला आधी एका कोपऱ्याकडे बघे, मग त्यातल्या अक्षराकडे. एका शब्दाला चहा गार व्हावा इतका वेळ लागे. पुढे बोट घालायला भोकं पाडलेली पट्टी बसवलेल्या टाइपरायटरवर ती एका बोटानं टाइप करायला शिकली. ती चालली नाही. तिला स्वतःच्या हातानं कधी जेवता आलं नाही, गुंडी लावता आली नाही, नाक पुसता आलं नाही. ज्यांना या मुलांविषयी सुखान्त गोष्टी ऐकायच्या असतात त्यांना मी हे मुद्दाम सांगते. तिला रोज तीन वेळा कुणीतरी भरवावं लागलं आणि दर वेळी सगळं जग थांबवून ठेवावं लागलं. पण पडदा निघाला. उन्हाळ्यात तिची खुर्ची खिडकीशी असे, आणि जाणारी-येणारी मुलं खालून हाका मारत.

मी साठच्या दशकाच्या मध्यावर भारतात परतले. पुण्यात पुढे बरीच वर्षं हेच काम केलं. पुष्कळ मुलं हातांखालून गेली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हा अंक पुरायचा नाही. पण हेर्त्सोगेनआउराखचा एक दिवस सांगायचा राहिला आहे.

गिजेला तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. कसल्याशा सुट्टीमुळे माझा नेहमीचा वार चुकला होता, म्हणून मी रविवारी गेले. दुपारचं जेवण व्हायचं होतं. नेहमीप्रमाणे मी तिला भरवायला बसले, कारण तिची गिळण्याची पद्धत तपासायची होती. कुस्करलेला बटाटा, वर थोडं लोणी. ती दोन घास जेवली आणि तोंड मिटून घेतलं. डोळे फळीकडे.

मी फळी धरली. अक्षरामागून अक्षर. मध्ये मान फिरली, पुन्हा आणली. मी मोठ्यानं वाचत होते. पहिला शब्द झाला: कोणाबरोबर. मला वाटलं शिक्षिकेबद्दल काही असेल. फ्राऊ एबनर शेगडीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या, हेर एबनरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

कोणाबरोबर जेवतेस तू?

सात वर्षांत त्या देशात मला हे कोणी विचारलं नव्हतं. सहकारी चांगले होते, घरमालकीण चांगली होती, पण माझं जेवण कसं होतं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. पडला तो हिला. जेवण म्हणजे दुसऱ्या माणसाचा हात, एवढंच जिला माहीत होतं, तिला साहजिकच वाटलं असणार, की हिला कोण भरवतं?

मी म्हणाले, ‘एकटीच जेवते.’

ती माझ्याकडे बघत राहिली. अंगाची हालचाल वाढली, पाय फळीवर आपटले. मला वाटलं तिला आणखी काही सांगायचं आहे, म्हणून मी पुन्हा फळी उचलली. पण ती फळीकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

फ्राऊ एबनरनी कपाटातून एक ताटली काढली. हेर एबनर उठून आतल्या खोलीतून खुर्ची घेऊन आले आणि ती गिजेलाच्या शेजारी ठेवली.  बटाट्याचे दोन मोठे गोळे माझ्या ताटलीत आले, लाल कोबी आला. मांसाचा रस्सा वाढताना फ्राऊ एबनरचा डाव हवेत थांबला, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मांस खात नाही हे त्यांना आठवलं असावं, आणि तो परत पातेल्यात ठेवला.

‘आता मी भरवते तिला,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही जेवा.’

मी हातात काटा घेतला. कोणीच सुरुवात करत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. फ्राऊ एबनरनी गिजेलाच्या जिभेवर चमचा ठेवला होता, आणि तिचा घास उतरेपर्यंत दोघंही थांबले होते. तो उतरला, तेव्हा त्यांनी आपापला पहिला घास घेतला. मग मी घेतला.

असं एकेक घास करत आम्ही जेवलो. बटाटे केव्हाच गार झाले होते. कोणी ते गरम करायला उठलं नाही.